खोगीर वाकडं होतं

सासूबाईंचा आवाज बसला आणि त्या घराचा सगळा कारभारच बसला.

त्याचं असं झालं. खालच्या वाडीत लग्न होतं. लग्न म्हटलं की सासूबाई गाणार, आणि सासूबाई गाणार म्हटलं की पलीकडच्या डोंगरावरची गुरंसुद्धा माना वर करणार. शनिवार-रविवार गाऊन, टाळ्या पिटून, नाचून बाई घरी परतल्या तेव्हा घशातून नुसती हवा येत होती. गरम पाणी झालं, मध झाला, डोंगरातला कडू पाला उकळून झाला. घसा काही उघडेना. दुसऱ्या कुठल्या घरात असं झालं असतं तर नवऱ्याने देवाचे आभार मानले असते. पण इथे पंचाईत झाली, कारण सासरा आणि सून यांच्यामधला पूल म्हणजे सासूबाई.

सून मापुलेंग. मापुलेंग म्हणजे पुलेंगची आई. पुलेंगचा अजून पत्ता नव्हता, पण लेसोथोच्या या डोंगरांत सून घरात आली की आधी असं नाव मिळतं, मूल मागाहून सावकाश येतं. नावाबरोबर नियमही मिळतात. सासऱ्यासमोर डोकं उघडं टाकायचं नाही, त्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही, होता होईतो थेट बोलायचं नाही आणि त्याचं नाव तर मेलं तरी घ्यायचं नाही. खालच्या गावांतल्या पोरी हल्ली यातलं अर्धंमुर्धं पाळतात. पण हे घर वाडीत सगळ्यात उंचावर, आणि घरातला म्हातारा त्याहून उंचावर. त्याच्या नाकावर माशी बसलेली त्याला चालत नसे.

तर रोजचं बोलणं असं चालायचं. मामंजी म्हणायचे, "सांग तुझ्या सुनेला, भाजीत मीठ जास्त झालंय." मापुलेंग खाली बघून म्हणायची, "त्यांना सांगा, मीठ कालच्याएवढंच आहे." आणि सासूबाई दोघांच्या मध्ये बसून म्हाताऱ्याला सांगायच्या, "बरं म्हणते." अशी तीन वर्षं सुखात गेली होती. बोलणाऱ्या बाईचा असा उपयोग असतो, तो ती गप्प झाल्यावर कळतो.

आवाज गेल्यापासून म्हातारा घराच्या खांबाशी बोलायला लागला आणि मापुलेंग चुलीवरच्या तीन पायांच्या भांड्याशी.

सोमवारी सकाळी तिच्या नवऱ्याचा, पित्सोचा, फोन आला. तो सीमेपलीकडे खाणीत कामाला. "रेडिओवर सांगतायत, दुपारी मोठं बर्फ येतंय दक्षिणेकडून," तो म्हणाला. "बाबांना वर जाऊ देऊ नकोस." तेवढ्यात रेंज गेली. वारा सुटला की या डोंगरातून पहिली पळते ती रेंज.

म्हातारा दारात घोड्याचा तंग आवळत होता. वरच्या कुरणात गाभण मेंढ्या ठेवल्या होत्या, त्या बघायला निघाला होता. मापुलेंगने भांड्यात काठी फिरवत मोठ्याने सांगितलं, "अगं बाई भांड्या, पित्सोचा फोन होता हो. दुपारी मोठं बर्फ येणार म्हणे. कुणी वर जाऊ नये असं म्हणाला."

म्हाताऱ्याने घोड्याच्या मानेवर थाप मारली. घोड्याचं नाव लेहालिमा, म्हणजे वीज. नाव ठेवायला पैसे पडत नाहीत. "ऐकलंस का रे लेहालिमा?" तो म्हणाला. "जमिनीखाली काम करणारं पोरगं आपल्याला आभाळ शिकवतंय."

सासूबाईंनी दोन्ही हात वर केले, आभाळाकडे बोट दाखवलं, बोटं थरथरवत बर्फ पाडून दाखवलं.

"हिचं लग्न अजून उतरलेलं दिसत नाही," म्हाताऱ्याने खांबाला सांगितलं, अंगावरच्या जाड घोंगडीची पिन लावली आणि निघाला.

मापुलेंगच्या मनात आलं, धावावं, लगाम धरावा आणि तोंडावर सांगावं, मामंजी, जाऊ नका. पण सून असं करते का? तिने मान खाली घातली आणि मक्याच्या पिठाचं दाट पापा ढवळत राहिली. भांडं ऐकत होतं, त्याला सांगून झालं होतं, तिचं काम झालं होतं. असं तिने स्वतःला समजावलं खरं, पण हाताखालच्या पिठात गुठळ्या झाल्या.

बर्फ दुपारची वाट न बघताच आलं. आधी दक्षिणेकडचा डोंगर गेला, मग पलीकडच्या उतारावरचं न्ताते मोखेथींचं, म्हणजे शेजारच्या मोखेथीबाबांचं, घर गेलं, मग अंगणातला मेंढरं कोंडायचा दगडी वाडगा गेला. वरून पडतंय की खालून उडतंय हेही कळेना. वारा असा की दार लोटायला दोघींना खांदा लावावा लागला. सासूबाईंनी गोवऱ्यांची चूल भरून पेटवली आणि तिच्यासमोर बसल्या त्या बसल्याच. मधूनच ओठ हलायचे. ती प्रार्थना होती की शिव्या हे मापुलेंगला कळलं नाही. बहुतेक दोन्ही असावं.

बऱ्याच वेळाने दारावर धडक बसली. मापुलेंगने दार किलकिलं केलं तर बाहेर लेहालिमा. आयाळीचे गोळे झालेले, लगाम तुटून लोंबतोय, पाठ रिकामी.

सासूबाई उठल्या. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मापुलेंगचा हात आपसूक खोगिरावर गेला. खोगिरावरच्या मेंढीच्या कातड्यावर बर्फाची नुसती भुरभुर होती. तिने कातड्याखाली हात घातला. आत अजून ऊब होती.

"सासूबाई, आत्ताच पडलेत ते!" ती ओरडली. "लांब नाहीत. इथेच कुठेतरी आहेत!"

इथेच कुठेतरी, हे ऐकायला बरं वाटतं. पण घराच्या खाली हाकेच्या अंतरावर ओढ्याची घळ होती, सरळ तुटलेली, आणि उन्हाळ्यात डोळ्यांनी दिसत असतानाही तिच्यात शेळ्या पडायच्या. शोधायला जावं तर चार पावलांवर आपलंच घर दिसेनासं होत होतं. एकाच्या जागी दोघं हरवायची. फोन मेलेला. मोखेथींना बोलवायचं तर तेही घळीपलीकडे. राहिला एकच मार्ग, म्हाताऱ्याला आवाजावर घरी आणायचं.

दोघी वाडग्याच्या भिंतीला धरून धरून तिच्या टोकापर्यंत गेल्या. मापुलेंगने पत्र्याचं घमेलं बडवलं. पण मोखेथींच्या गोठ्याचा एक पत्रा सुटला होता, तोही वाऱ्यावर तसाच धडाधडा वाजत होता. ऐकणाऱ्याने कुठल्या पत्र्याकडे जावं? सासूबाईंनी तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या, आणि बाहेर आली ती फुंकर. अख्ख्या खोऱ्यात गाजलेला तो आवाज, नेमका आज दुसऱ्याच्या लग्नात खर्च होऊन बसला होता. त्यांनी सुनेचा दंड धरला आणि आपल्या घशाकडे, मग तिच्या घशाकडे बोट दाखवलं. तू ओरड.

"मामंजीऽऽ!" मापुलेंग ओरडली. "ओ मामंजीऽऽ!"

वाऱ्याने ते शब्द तोंडातूनच उचलून नेले. आणि ही हाक काय, कुठल्याही सुनेने कुठल्याही सासऱ्याला मारलेली असू शकते. तिने पुन्हा मारली, पुन्हा मारली. मग तिने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. दोघींच्या मनात एकच गोष्ट होती. सासूबाईंनी आधी होकाराची मान हलवली नाही, मग हलवली.

मापुलेंगने डोळे मिटले. छातीत भरेल तेवढी हवा भरली.

"लेबुसाऽऽऽ!"

आजवर ते नाव तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तोंडातून बाहेर पडलं तेव्हा आभाळ कोसळेल असं तिला वाटलं. ते तर आधीच कोसळत होतं.

"लेबुसाऽऽ! लेबुसाऽऽ! इकडे या! लेबुसाऽऽ!"

काही नाही. वारा, आणि मोखेथींचा पत्रा. एकदा वाटलं, डावीकडे काहीतरी खडखडलं, दगड घरंगळल्यासारखं, पण ते घळीकडे होतं आणि लांब लांब जात होतं. तिला रडू फुटलं. ज्यासाठी नियम मोडला, लाज सोडली, तेही फुकट गेलं. तिला वाटलं, असं असतं का, की सुनेने नाव घेतलं आणि त्याच क्षणी माणूस गेला?

सासूबाईंनी तिला खसकन जवळ ओढलं. कानाला तोंड लावलं. गरम हवेतून शब्द आले, "सांग त्याला. मोखेथीचा घोडा शर्यत जिंकला."

"काय?"

"सांग!"

मापुलेंगला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं, त्या जुन्या शर्यतीचं आत्ता काय? पण सासूची आज्ञा. ती ओरडली, "मोखेथींचा घोडा जिंकलाऽऽ! शर्यत मोखेथींचा घोडा जिंकलाऽऽ!"

"आणि हा आपला मधेच थांबून एका बाईच्या टोपलीतला कोबी खात बसला," सासूबाई कुजबुजल्या.

"आणि लेहालिमा कोबी खात बसलाऽऽ! सगळ्यांसमोर कोबी खाल्लान्‌ऽऽ!"

वारा जरा दम खायला थांबला असावा. कारण खालून, घळीच्या बाजूने, खरखरीत, चिडलेला, जिवंत आवाज आला.

"खोगीर वाकडं होतं!"

सासूबाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले.

"खोगीर वाकडं होतं म्हणून सांगितलं ना!" आवाज पुन्हा आला. "कितीदा सांगायचं?"

जिवात जीव येणं म्हणजे काय, हे मापुलेंगला त्या क्षणी कळलं. ती हसतही होती आणि रडतही होती, आणि पापण्यांवर त्याचं बर्फ होत होतं. सासूबाईंना आता अवसान चढलं. इतक्या वर्षांच्या संसाराचं गाठोडं होतं, ते त्या सुनेच्या कानात सोडायला लागल्या, आणि सून ते वाऱ्यावर उधळायला लागली.

"खोगीर नाही, बसणारा वाकडा होताऽऽ!"

"कोण म्हणतं?"

"मोखेथी म्हणतातऽऽ! अख्खी वाडी म्हणतेऽऽ!"

"मोखेथीला म्हणावं, ये समोर!"

"तुम्हीच या समोरऽऽ! दोन हिवाळे झाले, शेळ्यांच्या खोपटाला दार लावणार होतातऽऽ! कुठाय दारऽऽ?"

"लाकूड ओलं होतं!" आवाज जवळ आला होता.

"स्वतःच्या लग्नात दुसऱ्याचे बूट घालून आला होतातऽऽ! एक बूट चावत होता म्हणून एका पायावर नाचलातऽऽ!" हे ओरडताना मापुलेंगने सासूबाईंकडे चमकून बघितलं. म्हातारीने गंभीरपणे मान हलवली. खरं आहे.

"हे तिला कुणी सांगितलं?" म्हातारा गरजला. "अगं ए, घरातल्या गोष्टी सुनेला सांगतेस?"

"घोरता तुम्हीऽऽ! तुमच्या घोरण्याने कोंबड्या अंडी घालत नाहीतऽऽ!"

यावर उत्तर आलं नाही.

दोघी थांबल्या. मापुलेंगने कोंबड्यांचं पुन्हा एकदा सांगितलं. उत्तर नाही. सासूबाई तिच्या कानात भराभरा काहीतरी सांगायला लागल्या, पण आता शब्द जुळेनात, नुसता श्वास येत होता. आवाज इतका जवळ आला होता, आणि आता गप्प. बर्फात माणूस बसला की त्याला ऊब वाटायला लागते, झोप येते, आणि झोपला की संपलं. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं.

मापुलेंगने, त्यांच्यामागोमाग भिंतीच्या आडोशाला आलेल्या घोड्याच्या खोगिराची दोरी सोडवली, एक टोक वाडग्याच्या खुंटाला बांधलं, दुसरं आपल्या कमरेला. सासूबाई नको नको म्हणून हात हलवत होत्या. ती दोरी ताणत पुढे गेली, आणि या वेळी तिच्या कानात सांगणारं कुणी नव्हतं. जे आलं ते तिचं स्वतःचं होतं.

"मी सांगितलं होतं!" ती ओरडली. "सकाळी सांगितलं होतं बर्फ येणार म्हणून! भांड्याला सांगितलं, पण तुमच्यासाठीच सांगितलं होतं ना! तीन वर्षं मी या घरात आहे. तीन वर्षं मी तुमचे पाय बघतेय, चेहरा बघितला नाही नीट! भाजीत मीठ जास्त नसतंच कधी! ऐकताय का? उठा! बसू नका तिथे! पित्सोला मी काय तोंड दाखवू? उठा म्हणते ना!"

दोरी संपली. ती तशीच गुडघ्यांवर बसून हात पुढे फिरवायला लागली. बर्फ, दगड, बर्फ. आणि मग घोंगडी. घोंगडीत माणूस.

"कालच्या भाजीत जास्तच होतं," म्हातारा अस्पष्ट पुटपुटला.

सुनेने सासऱ्याला शिवू नये. मापुलेंगने सासऱ्याला दोन्ही काखांत हात घालून उचललं, ओढलं, खांद्यावर घेतलं, आणि सासूबाई पलीकडून दोरी अशी खेचत होत्या की जणू विहिरीतून घागर काढतायत. घर आलं. दार आलं. दार बंद झालं.

मग कामं होती. ओले कपडे काढायचे होते, ते सासूबाईंनी काढले आणि मापुलेंग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, कारण आता पुन्हा घर होतं आणि घराचे नियम होते. तीन घोंगड्या झाल्या. कोमट आंबील घोट घोट पाजून झाली. म्हाताऱ्याचे दात वाजायला लागले तेव्हा सासूबाईंनी देवाकडे हात जोडले, कारण दात वाजतायत म्हणजे अंगात जीव परत येतोय. बोटं लाल झाली, दुखायला लागली, म्हातारा कण्हत शिव्या द्यायला लागला. सगळी लक्षणं चांगली होती. बाहेर वारा तसाच होता, पण आता तो बाहेरचा होता.

"मेंढ्या?" सासूबाईंनी हातांनी विचारलं.

"कपारीत घातल्यात सगळ्या. वारा लागत नाही तिथे. त्यांना माझ्यापेक्षा अक्कल आहे, गप बसल्या." त्याने पाय चुलीकडे सरकवले. "घसरणीवर मी उतरून घोडा हातात धरून चाललो होतो. घोड्याने हिसडा दिला, लगाम तुटला. घर जवळ आहे एवढं कळत होतं. कुठल्या बाजूला ते कळेना. आणि तेवढ्यात आईने हाक मारली."

सासूबाईंचा आंबील ढवळणारा हात थांबला.

"माझी आई," म्हातारा म्हणाला. "नाव घेऊन. नुसतं नाव. असं मला दुसरं कोण बोलावतं? तू म्हणतेस पित्सोचे बाबा. वाडी म्हणते न्ताते अमुक, न्ताते तमुक. बाईच्या तोंडून नुसतं नाव, ते तिच्यामागे मी कधी ऐकलं नाही. आणि या बर्फात ती हाक मारतेय, तर ती कशासाठी, हे काय सांगायला हवं? न्यायला आली होती." त्याने घसा खाकरला. "माझा आईवर जीव होता. पण इतकाही नाही. म्हटलं, आई, आत्ता नको, मेंढ्या गाभण आहेत. आणि आवाजाकडे पाठ करून चालायला लागलो."

मापुलेंग भिंतीला टेकली. आवाजाकडे पाठ म्हणजे घळीकडे तोंड. ती जितक्या जोरात नाव घेत होती, तितका तो घळीच्या जवळ जात होता. तो दगड घरंगळलेला तिने ऐकला होता.

"पायाखालून दगड निसटला. पाऊल पुढे टाकणार, एवढ्यात ती म्हणते, मोखेथीचा घोडा जिंकला," म्हातारा सांगत होता. "मी थांबलो. आईला शर्यतीचं काय माहीत? घोडा तर मी ती गेल्यावर घेतला. आणि मेलेली माणसं एवढं खोटं बोलत नाहीत."

सासूबाई हसायला लागल्या. आवाज नव्हता, नुसतं अंग गदगदत होतं, आणि मग त्या रडायला लागल्या, तेही तसंच. म्हाताऱ्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "बूट चावत होता हे खरंय. पण ते तू सांगायला नको होतंस."

मापुलेंग मात्र भिंतीशीच उभी होती. शेवटी तिला राहवलं नाही. तिने डोक्यावरचं फडकं पुढे ओढलं, पण भांड्याला सांगितलं नाही की खांबाला सांगितलं नाही.

"मामंजी, ती मी होते," ती म्हणाली. "नाव मी घेतलं. माझं चुकलं. माझ्यामुळे तुम्ही घळीत गेला असतात."

म्हाताऱ्याने मान वळवून तिच्याकडे सरळ बघितलं. तिनेही खाली बघायच्या आधी क्षणभर बघितलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तो चेहरा म्हातारा होता, आणि नाकाचा शेंडा बर्फाने सोलवटला होता.

"तू होतीस हे मला मागाहून कळलं," तो म्हणाला. "पण आवाज अगदी तसाच लागला बघ तुझा. ती मला ओढ्यावरून अशीच बोलवायची, जेवायला." तो थांबला. बोलावं की नाही असं त्याचं चाललं होतं. "म्हणजे, कुणी ऐकत नाहीये आत्ता. बाहेर तर कुत्रंसुद्धा नाही. एकदा पुन्हा म्हणशील का? हळूच?"

मापुलेंगने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई डोळे पुसत होत्या आणि मानेने हो म्हणत होत्या.

तिने ओठ उघडले. पण बर्फात एवढ्या जोराने निघालेलं ते नाव आता घरात काही बाहेर येईना.

"आता कशाला, मामंजी?" ती म्हणाली. "आता तर तुम्ही घरी आलात."

म्हाताऱ्याने दोनदा मान हलवली आणि आंबिलीची वाटी तिच्यासमोर धरली, थेट तिच्याच हातात, आणि म्हणाला, "मग वाढ थोडी आंबील. भूक लागलीय."